तोड झालेले रान विकत घेण्यापूर्वी

शाहूवाडी किंवा राधानगरीकडची तोड झालेली जमीन घेऊन तिथे नैसर्गिक जंगल उभे करण्याचा तुमचा विचार मला मनापासून आवडला; मात्र व्यवहारापूर्वी सातबाऱ्यावरील इतर हक्कांचा रकाना बारकाईने वाचा आणि १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्याखाली ती शासनाकडे गेलेली नाही, याची खात्री करून घ्या. शेतजमीन असेल, तर खरेदीदार शेतकरी असावा लागतो. पावसाळ्यानंतर ऐन, किंजळ, जांभूळ यांच्या खुंटांना फुटवे आले आहेत का ते पाहा, कारण मुळे जिवंत असलेले रान रोपे न लावताही उठते. अशा जमिनीला चार पैसे जास्त द्यावेत, असे माझे ठाम मत आहे. लागवडीची घाई न करता आधी रानमोडी हे माजणारे तण उपटा, फुटवे गुरांपासून राखा आणि उन्हाळ्याआधी हद्दीभोवती जाळरेषा, म्हणजे वणवा अडवणारा मोकळा पट्टा, काढा.