नेपाळहून आलेली दोन मुलं माझ्या पाचवीच्या वर्गात आहेत. मराठी अजिबात येत नाही. त्यांना कशी मदत करू?

तुम्ही लिहिलंय की अंधेरीतल्या मराठी माध्यमाच्या अनुदानित शाळेत तुम्ही शिकवता. जुलैअखेरीस एका सोसायटीच्या वॉचमनची दोन मुलं, भाऊ आणि बहीण, वर्गात आली. दोघं तोंड उघडत नाहीत, कार्यालयाने कागद अपुरे म्हणून प्रवेश 'तात्पुरता' ठेवलाय, आणि मुख्याध्यापकांचं म्हणणं आहे की एकतर तिसरीत बसवा, नाहीतर हिंदी माध्यमात पाठवा. मी पश्चिम उपनगरांत महापालिकेच्या शाळांत शिकवून निवृत्त झाले. वॉचमनची, बांधकामावरच्या मजुरांची मुलं वर्षाच्या मध्येच येणं हा आमच्याकडे नेहमीचा विषय होता, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी कागदांचा निकाल लावा, कारण नाव जनरल रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या कायम नोंदवहीत, चढत नाही तोवर पुस्तकांपासून सगळंच अडतं. शिक्षण हक्क कायदा, २००९ मधली तीन कलमं मुख्याध्यापकांपुढे ठेवा. कलम ४ प्रमाणे मूल वयानुसार वर्गात बसवायचं आणि मागे असेल तर विशेष प्रशिक्षण द्यायचं. कलम ५ प्रमाणे आधीच्या शाळेच्या दाखल्यासाठी प्रवेश अडवायचा नाही. कलम १४ प्रमाणे जन्माचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारायचा नाही. म्हणजे 'तिसरीत बसवा' हे बसतच नाही. कुणी म्हणेल, ही तर परदेशी मुलं. पण राज्यघटनेचं कलम २१-अ सहा ते चौदा वयाच्या सर्व मुलांबद्दल बोलतं, त्यात नागरिकत्वाची अट घातलेली नाही. आणि आधारचं म्हणाल, तर शाळाप्रवेशासाठी ते सक्तीचं करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्येच सांगितलंय.

एक बारीक गोष्ट. नेपाळच्या जन्मदाखल्यावर विक्रम संवत असतं. २०७२ साल बघून कारकून हातातला कागद दोनदा उलटापालटा करतो. वैशाख ते पौषाच्या मध्यापर्यंतची तारीख असेल तर ५७ वजा करा, पुढची असेल तर ५६. २०७२ च्या वैशाखातलं मूल म्हणजे एप्रिल-मे २०१५ मधलं. शाळेचं वर्षही तिकडे वैशाखात सुरू होतं, म्हणून 'चौथी पूर्ण झाली का?' हे महिन्यासकट विचारा.

हिंदी माध्यमाबद्दल माझं मत वेगळं आहे. महापालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू, कन्नड अशा आठ माध्यमांत चालतात, त्यामुळे पर्याय असतो हे खरं. पालकांना तसं मनापासून हवं असेल आणि शाळा जवळ असेल तर जाऊ दे. पण आपल्या वर्गातली कटकट जावी म्हणून पाठवायचं असेल तर नको. २०२० च्या कायद्याने मराठी विषय सगळ्याच माध्यमांत सक्तीचा आहे, तो तिथेही सुटणार नाही. शिवाय ही मुलं नेपाळी बोलतात असंही धरून चालू नका. मुंबईतली बरीच नेपाळी कुटुंबं अछाम, डोटी, बझांग, कैलाली अशा पश्चिमेकडच्या जिल्ह्यांतली आहेत. घरात डोटेली किंवा थारू, शाळेत नेपाळी, असं चाललेलं असतं. म्हणजे परक्या भाषेत शिकण्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी आधीच आहे.

आता वर्गातलं. पहिल्याच आठवड्यात दोघांकडून एक पान नेपाळीत लिहून घ्या, गावाबद्दल, बकरीबद्दल, कशाहीबद्दल. तुम्हाला अर्थ लागला नाही तरी चालेल. लिपी देवनागरीच आहे; हात सराईत चालतोय की अक्षर अक्षर जुळवतोय, ते दिसतं. मग तेच वाचायला सांगा. जो आपल्या भाषेत घडाघडा वाचतो त्याला वाचन शिकवायचं नसतं, फक्त मराठी द्यायची असते. जो तिथेही अडखळतो त्याचं काम वेगळं आणि मोठं, त्याच्यासाठी कलम ४ चं विशेष प्रशिक्षण मागून घ्या. ते तीन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत देता येतं. हा फरक पहिल्या आठवड्यात कळला नाही की दोघांनाही 'कच्चे' म्हणून एकाच बाकावर टाकलं जातं. लिपी एक असली तरी आपल्या पुस्तकातले ल आणि श त्यांना वेगळे दिसतात आणि ळ तर त्यांच्याकडे नाहीच. तेवढं एका बैठकीत दाखवून टाका.

गप्प राहण्याची फार काळजी करू नका. नव्या भाषेत पडलेलं मूल काही आठवडे, कधी काही महिने नुसतं ऐकतं. त्याला उभं करून 'बोल ना, बोल' करू नका. 'कळलं का?' हेही विचारू नका, मान हलवणारच. त्याऐवजी 'कुठलं ते दाखव', 'चित्र काढ', 'यातलं मोठं कोणतं' असं विचारा, म्हणजे बोलल्याशिवाय उत्तर देता येतं. भाऊ-बहिणीला एका बाकावर ठेवू नका. प्रत्येकाला बडबड्या जोडीदार द्या, पहिल्या नंबरचा नको, कारण तो त्याच्या वहीत असतो. आणि बहिणीला जरा लवकर यायला लागलं की सगळे तिलाच भावाची दुभाषी करतात, तेही होऊ देऊ नका. तिचंही शिक्षण आहे.

चिडवणं मात्र पहिल्या दिवशीच थांबवा. 'मोमो', 'चिंकी', 'शाब जी' हे मुलं कुठून शिकतात ते आपल्याला माहीत आहे. 'बहादूर' ही हाक तर मोठी माणसंसुद्धा मारतात, आणि स्टाफरूममध्येही ऐकू येते. नाव नीट विचारून घ्या, नीट उच्चारा, आणि हजेरी घेताना वर्गाला ऐकू द्या.

गणितापासून सुरुवात केलीत तर दोघांना लवकर डोकं वर काढता येईल. तोंडी संख्या सांगताना फळ्यावर लिहा. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' पद्धत आली तेव्हा महाराष्ट्रभर थट्टा झाली, पण 'एकोणसाठ'च्या शेजारी 'पन्नास नऊ' म्हणून बघा, नव्या मुलाचा चेहरा लगेच मोकळा होतो. बालभारतीची गणिताची पुस्तकं इतर माध्यमांतही निघतात आणि ई-बालभारतीवर पीडीएफ फुकट मिळतात. पाचवीचं हिंदी माध्यमाचं पुस्तक उतरवून घ्या आणि तोच धडा शेजारी उघडून द्या. मुलांचं हिंदी बऱ्यापैकी असेल, सिनेमे आणि मोबाईल आहेतच.

आता जे मला खरं सांगायचंय ते. तुमची खरी कसोटी यंदा नाही, पुढच्या वर्षी आहे. दिवाळीनंतर ही मुलं बोलू लागतील आणि वर्षभरात अशी सुसाट बोलतील की तुम्ही म्हणाल, झालं, सुटला प्रश्न. तिथेच सगळे हात काढून घेतात. माझ्या वर्गात असाच एक मुलगा होता. मैदानात 'ए, आउट आहेस, खोटं नको बोलू' म्हणून मराठीत कडकडून भांडायचा, वडापाववाल्याकडून जास्तीची चटणी मराठीतच वसूल करायचा. चाचणीत उदाहरण होतं: एका पेटीत प्रत्येकी १२ आंब्यांचे ५ थर आहेत, त्यांपैकी ७ आंबे नासके निघाले, तर चांगले किती उरले? त्याने १२, ५ आणि ७ यांची बेरीज करून २४ लिहिले. शेजारच्या बाई म्हणाल्या, गुणाकारच येत नाही. मी वहीत बारा-बारा ठिपक्यांच्या पाच ओळी काढल्या, सात ठिपके खोडले आणि त्याच्याकडे बघितलं. 'त्रेपन्न,' लगेच म्हणाला. 'प्रत्येकी' आणि 'त्यांपैकी' हे शब्द मैदानात कुणी वापरत नाही, ते फक्त पुस्तकात भेटतात.

जिम कमिन्स नावाच्या अभ्यासकाने कॅनडात, टोरंटोमधल्या स्थलांतरित मुलांच्या आकडेवारीवरून हेच दाखवून दिलं. बोलण्यापुरती भाषा साधारण दोन वर्षांत येते, पण शाळेच्या पुस्तकाच्या भाषेत बरोबरीच्या मुलांना गाठायला पाच ते सात वर्षं लागतात. म्हणजे तुमच्या मुलांच्या बाबतीत हिशेब दहावीपर्यंत जातो. म्हणून धडा सुरू करायच्या आधी त्यातले पाच-सहा पुस्तकी शब्द वस्तू दाखवून, करून, वाक्यात घालून द्या. 'उरले', 'शिल्लक', 'च्या तुलनेत', 'परिणामी', असे. (वर्गातल्या निम्म्या मराठी मुलांनाही त्याची गरज असते, बघाच.) आकारिक मूल्यमापनात, म्हणजे वर्षभर वर्गातच चालणाऱ्या मूल्यमापनात, तोंडीकाम आणि कृती यांना जागा आहे, तिथे त्यांना काय येतं ते नोंदवा. उत्तर अर्धं हिंदीत आलं तरी रीत बरोबर असेल तर गुण द्या. पाचवीला आता वार्षिक परीक्षा आहे आणि पुनर्परीक्षेतही नापास झालं तर मूल त्याच वर्गात राहू शकतं. त्यामुळे या नोंदी नेटक्या ठेवा, आणि पुढच्या वर्षीच्या वर्गशिक्षकांना स्वतः भेटून त्या हातात द्या. नाहीतर 'छान मराठी बोलतो, पण ढ आहे' हा शिक्का सहावीत बसणार.

पालकसभेला वडील आले नाहीत म्हणून त्यांना आस्था नाही असं समजू नका. वॉचमनची ड्युटी सहसा बारा तासांची असते, आई बहुतेक त्याच किंवा शेजारच्या सोसायटीत घरकामाला. सकाळी शाळेत येताना गेटवर दोन मिनिटं थांबलात तरी भेट होते, तेव्हा मुलांना दुभाषी करू नका, सरळ हिंदीत बोला. आणि सप्टेंबरमध्येच विचारा, दशैंला गावी जाणार का? दशैं आणि तिहार म्हणजे आपल्या दसरा-दिवाळीचेच दिवस. रेल्वेने, मग बसने, दोन-तीन दिवसांचा प्रवास, त्यामुळे गेलेलं कुटुंब बऱ्याचदा महिनाभर परतत नाही आणि नेमकी सहामाही बुडते. जाणार असतील तर परीक्षा आधी तोंडी घेऊन टाका, गणिताचं पुस्तक सोबत द्या, परत यायची तारीख लिहून घ्या आणि तोवर पटावरून नाव काढू देऊ नका.