वहिनी रोज दारू पितात. घरचे म्हणतात, बाईला केंद्रात ठेवलं तर भाकरी कोण थापणार? काय करावं?

भाऊ, 'भाकरी कोण थापणार' हे मी माझ्या सासूबाईंच्या तोंडून ऐकलंय, म्हणून लिहितेय.

आम्ही अंबाजोगाईकडचे. आधी मालक व्यसनमुक्ती केंद्रात होते, पुरा महिना. दर रविवारी मी एसटीनं जायचे, धपाटे, दही अन् धुतलेले कपडे घेऊन. तिथल्या बाई मला सांगायच्या, त्यांना टोचून बोलू नका, घरात शांतता ठेवा. सगळं केलं.

दोन वर्षांनी मीच भरती झाले. त्यांच्या उरलेल्या क्वार्टरपासून सुरू झालं होतं माझं. बाटली ज्वारीच्या डब्यामागं ठेवायचे. भेटायला एकटी आई आली, तीही गावात गुडघ्याचं ऑपरेशन सांगून. अठराव्या दिवशी मला घरी नेलं, कारण धाकटीची परीक्षा होती. त्याच संध्याकाळी परातीसमोर बसले. तिसऱ्या महिन्यात पुन्हा प्याले. दुसऱ्या खेपेला औषधं तीच होती, पण जावेनं दोन महिने माझी चूल सांभाळली. तेव्हापासून बंद आहे.

तुम्ही लिहिलंय, घरचे वहिनींना माळ घालून एकदम सोडवायचं म्हणतात. श्रद्धेला माझी ना नाही. पण रोज पिणाऱ्याची दारू अचानक तोडली की थरथर सुटते, झटके येऊ शकतात, जिवावरही बेततं. कोंडून तर मुळीच ठेवू नका. आधी डॉक्टर. अंबाजोगाई, लातूर, नांदेड, संभाजीनगरच्या सरकारी मेडिकल कॉलेजात मनोविकार विभाग आहे. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी नंबर फुकट लागतो.

'थोडीच तर घेते' यावरही जाऊ नका. बाईच्या अंगात पाण्याचं प्रमाण कमी, त्यामुळं तेवढीच दारू तिला जास्त चढते आणि लिव्हर लवकर बिघडतं.

केंद्रं बहुतेक पुरुषांसाठीच का, तर २०१९ च्या एम्सच्या पाहणीत पुरुषांत दारू घेणारे २७.३ टक्के, बायकांत १.६ टक्के. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचा 'निशिगंध' विभाग मात्र खास बायकांसाठी आहे. कुठंही फोन केलात तर बायकांची राहायची सोय वेगळी आहे का, लेकरांना भेटू देतात का, हे आधी विचारा.

आणि भरती करण्याआधीच घरात बसून ठरवा, स्वयंपाक कोण करणार, लेकरांना शाळेत कोण सोडणार. तुमच्या भावाला भाकरी येत नसेल तर शिकू द्या. दर रविवारी तो भेटायला जाईल का, तेही विचारा. नाही म्हणाला तर तुम्ही जा, आणि जाताना धपाटे न्या.