घर बदलू नकोस

प्रिय बाळा,
प्रभूत सप्रेम सलाम.

तुझा मेल वाचला. कॉम्प्युटर शिकवायला गेलास आणि शाळेत कॉम्प्युटर आलेच नाहीत. केनियातल्या किसुमू शहरात राहायचं ठरलं होतं, आता व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या गावात एका आजीच्या घरी तुझी सोय केलीय. ज्या पाळकांनी बोलावलं त्यांची बदली झाली. घासून घासून स्वाहिली शिकलास, तर आजी तिथल्या लुओ लोकांच्या धोलुओ भाषेशिवाय बोलत नाही. हे सगळं लिहून शेवटी हळूच विचारलंयस की उरलेले महिने नैरोबीच्या टीमकडे गेलो तर चालेल का, तिथं काम तरी आहे.

नाही चालणार. घर बदलू नकोस.

लूकचा दहावा अध्याय तू संडे स्कूलमध्ये माझ्यासमोर पाठ म्हणून दाखवला होतास. येशू सत्तर जणांना पाठवतो तेव्हा थैली घेऊ नका, वहाणा घेऊ नका म्हणतो, त्यावर आपल्याकडे भरपूर उपदेश होतात. पण पुढे तो आणखी सांगतो: जे घर तुम्हाला घेईल तिथंच राहा, ते देतील ते खा-प्या, या घरातून त्या घरात जाऊ नका. यावर मी फारसा कुणाला बोलताना ऐकलं नाही. माणूस दोन दिवसांत शेजारचं कालवण हुंगायला लागतो, हे त्याला ठाऊक होतं. नैरोबी म्हणजे तुझ्या शेजारचं कालवण आहे.

बेत बदलला म्हणून इतका खचतोस? आपली ख्रिस्ती मंडळी तरी कुठे बेताप्रमाणे उभी राहिली! गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे मिशनरी १८१२ साली अमेरिकेहून निघाले ते कलकत्त्याला उतरले. कंपनी सरकारने त्यांना चालते व्हा म्हणून सांगितलं. म्हणून १८१३ च्या फेब्रुवारीत ते मुंबईला आले, तर इथंही परत पाठवायचीच भाषा. हॉल अडून बसले, मराठी शिकले आणि १८२६ साली नाशिककडच्या दौऱ्यात पटकीने गेले. मग मिशनरी सिंथिया फरार. १८२७ साली एकटी बाई मुंबईला आली, १८३९ पासून नगरला राहिली, १८६२ साली इथंच वारली. जोतीरावांनी मुलींच्या शाळेचं मनावर घेतलं ते तिच्या नगरच्या शाळा पाहून. बेत कोण बदलतं ते आपल्या हातात नसतं, बाळा. टिकणं असतं.

तू म्हणशील, ते आयुष्यभरासाठी आले होते, मी तर काही महिन्यांचा पाहुणा. म्हणूनच तर सांगते! थोड्या महिन्यांत दोन घरं केलीस तर एकही घर तुझं होणार नाही.

शिवाय तू भारतीय माणूस आहेस, हे तिथं वेगळं पडतं. किसुमूपर्यंतची रेल्वे १९०१ साली पोहोचली, ती बांधायला आपल्याकडचे, बहुतेक पंजाबातले, हजारो मजूर नेले होते. पुढे त्या मुलखात दुकानं थाटली ती बरीचशी आपल्याच लोकांनी. त्यामुळे तुझं तोंड पाहिलं की गावाला दुकानदार आठवतो. काउंटरपलीकडचा माणूस. तो आपल्या चुलीपाशी बसून, अंगठ्याने उगालीला, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट गोळ्याला, खळगा पाडून त्यात सुकुमाची पालेभाजी उचलून खातो, हे त्यांनी फारसं पाहिलेलं नाही. तू जेवतोस तेव्हा ती आजी तुझ्या हाताकडे बघते असं लिहिलंयस ना? बघू दे. मिटिंगमध्ये दिलेल्या साक्षीपेक्षा ती साक्ष मोठी आहे.

काम नाही म्हणतोस, हे मला अजिबात पटलेलं नाही. सरोवरातली ओमेना मासळी, आपल्या सुकटीसारखी, काठावर जाळ्यांवर वाळत घालतात. मार्च ते मे तिकडे मोठा पाऊस असतो. आभाळ भरून आलं की बायका धावत जाऊन ती गोळा करतात, नाहीतर दिवसाची कमाई कुजते. तू तेव्हा कुठे असतोस? ओसरीवर मोबाइलला रेंज शोधत? ऊठ आणि टोपली धर. धोलुओ तिथंच येईल. उपासना उशिरा सुरू होते म्हणून चिडू नकोस. तिकडे तास सूर्योदयापासून मोजतात, आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. निदान वेळ ठरवताना कुठल्या घड्याळाची ते विचारून घे. आणि मुलांचे फोटो टाकणं बंद कर, त्यांच्या आईबापांना कोण विचारतं?

मी तिकडेच सियाया भागात होते तेव्हा मलाही नैरोबीच्या कंपाउंडमध्ये खोली देऊ केली होती, गरम पाण्याची. मी एका विधवेच्या घरी राहत होते, तिथंच राहिले. सोबतचे म्हणाले, बाई मोठेपणा मिरवतात. मोबाइल नव्हते तेव्हा. अण्णा गेल्याची तार माझ्या हातात पडली तोवर नगरला त्यांना माती दिलेली होती. त्या रात्री गावातल्या बायका आल्या, काही न विचारता जमिनीवर बसल्या आणि उजाडेपर्यंत गात राहिल्या. त्यांनी कधी न पाहिलेल्या माझ्या बापासाठी. घरधनीण मध्येच उठून चुलीत लाकूड सारायची, मला कोरा चहा द्यायची, पुन्हा येऊन माझ्या पाठीला पाठ लावून बसायची.

धाकटा भाऊ अजून म्हणतो, ताई, नैरोबीत असतीस तर तार लवकर मिळाली असती, अण्णांचं तोंड तरी पाहिलं असतंस. पाहिलं असतं. ते दुःख मी मरेपर्यंत वागवणार आहे. तरी त्याला दरवेळी हेच सांगते की जे घर मिळालं ते मी सोडलं नाही, आणि सोडायला नको होतं. हट्टी म्हणतात मला. म्हणोत.

आजारी पडलास किंवा जिवाला धोका वाटला तर गोष्ट वेगळी, तेव्हा एक दिवसही थांबू नकोस. पण कंटाळा हा आजार नव्हे.

नैरोबीचा अर्ज अजून पाठवला नसशील तर पाठवू नकोस. पाठवला असशील तर उद्या सकाळीच नव्या पाळकांना भेटून मागे घे, आणि तसं मला कळव.

तुझ्या
संडे स्कूलच्या बाई