गरोदरपणात ‘ॲडमिट व्हा’ म्हणाले तर

प्रश्न : आठवा महिना लागलाय. बीपी 150/100, लघवीत प्रोटीन निघालंय, पण मला काहीच त्रास नाही. घरी गोळ्या घेऊन नाही का चालणार?

उत्तर : याला प्री-एक्लॅम्पसिया म्हणतात, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढून लघवीत प्रोटीन जाणं. त्रास होत नाही, म्हणूनच हा आजार फसवतो. गोळीने आकडा उतरतो, पण बिघाड वारेच्या (प्लॅसेंटाच्या) रक्तवाहिन्यांत असतो. वार बाहेर पडेपर्यंत तो जात नाही. दाखल करून बीपी, प्लेटलेट, यकृत-मूत्रपिंडाच्या तपासण्या आणि बाळाचे ठोके पाहतात. डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले किंवा उजव्या बरगडीखाली दुखलं, तर राउंडची वाट न पाहता सिस्टरना सांगा. यापुढची पायरी झटक्यांची. ते टाळायला मॅग्नेशियम सल्फेट देतात : बहुतेक ठिकाणी 4 ग्रॅम शिरेतून सावकाश आणि 5-5 ग्रॅम दोन्ही कुल्ल्यांत. इंजेक्शन चांगलंच दुखतं. औषध अंगात साठलं तर आधी गुडघ्याची उडी बंद होते, मग श्वास मंदावतो. म्हणून गुडघ्यावर हातोडी मारून पाहतात, लघवी मोजतात. नातेवाइकांनी ती न मोजता ओतून देऊ नये. 34 आठवड्यांच्या आत बाळंतपण करावं लागेलसं दिसलं, तर बाळाच्या फुप्फुसांसाठी डेक्सामेथासोन 6 मिलिग्रॅमची चार इंजेक्शनं, 12-12 तासांनी. अळणी जेवून हे बरं होत नाही. उगाच तोंडाची चव घालवू नका.

प्रश्न : 32 वा आठवडा. कळा नाहीत, पण पाणी जातंय.

उत्तर : वेळ लिहून ठेवा, स्वच्छ पॅड लावा, रंग पाहा आणि निघा. पाणी हिरवट असेल किंवा वास येत असेल, तर पोहोचताच सांगा. कळा नसताना बोटाने आतून तपासणी टाळतात, कारण त्यातून जंतू आत जातात.

प्रश्न : सातव्या महिन्यात अंगावरून लाल गेलं, पोट दुखलं नाही. थांबलंय. जायला हवं?

उत्तर : आजच जा. वार गर्भाशयाच्या तोंडावर असेल तर असंच होतं आणि पुढचा रक्तस्राव मोठा असू शकतो. सोनोग्राफीत वार कुठे आहे ते कळेपर्यंत आतून तपासणी करू देऊ नका. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनचं विचारा. ते रक्त गेल्यापासून 72 तासांच्या आत घ्यायचं असतं.

प्रश्न : सरकारी दवाखान्यात खर्च किती?

उत्तर : जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात (2011 पासून) औषधं, तपासण्या, रक्त, सिझेरियन आणि जेवण मोफत आहे, मोठ्या रुग्णालयात हलवायची गाडीसुद्धा. महाराष्ट्रात तातडीला 108 लावा. माता-बाल संरक्षण कार्ड आणि सगळे सोनोग्राफी रिपोर्ट एकाच पिशवीत ठेवा.