शिंदळ माकुडी खरंच संपत चाललीय का, आणि फांदी आणून कुंडीत लावली तर ती वाचेल का?

तुम्ही विचारलंय की शिवनेरीच्या कड्यावरची शिंदळ माकुडी ही छोटी वनस्पती नामशेष व्हायला आलीय असं ऐकलं, तर ट्रेकला गेल्यावर एक फांदी आणून घरी लावली तर तेवढंच संवर्धन होईल का. फांदी आणू नका प्लीज. का ते सांगतो.

मुळात ही कुंडीत जगवायला अजिबात अवघड नाही. मांसल खोड असतं, तुकडा दोन-चार दिवस सुकवून रेताड मातीत खोचला की बहुतेक वेळा फुटतो, त्यामुळे सक्युलेंट, म्हणजे अशी मांसल झाडं, जमवणाऱ्यांकडे ती परदेशातसुद्धा आहे. पण रेड लिस्ट, म्हणजे धोक्यातल्या प्रजातींची जागतिक यादी, करणारे कुंड्या मोजतच नाहीत, ते बघतात की निसर्गात फुलण्याच्या वयाची झाडं किती उरलीत, किती जागेत आहेत आणि कमी होतायत का. नुसत्या संख्येवर बघायचं तर अशी झाडं 1000 पेक्षा कमी असली तर व्हल्नरेबल (असुरक्षित), 250 पेक्षा कमी तर एन्डेंजर्ड (धोक्यात) आणि 50 च्याही खाली गेली तर क्रिटिकली एन्डेंजर्ड (अतिशय धोक्यात). म्हणजे एखाद्या कड्यावर दहा-वीसच झाडं असतील तर तुमची एक फांदी ही काही छोटी गोष्ट नाही. शिवाय फांदीपासून केलेली सगळी रोपं त्या एकाच झाडाची कॉपी असतात, शंभर कुंड्या भरल्या तरी झाड एकच.

डाल्झेल ह्या वनस्पतीशास्त्रज्ञाने 1865 मध्ये हिचं वर्णन केलं आणि मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांच्यावरून फ्रेरिया इंडिका नाव दिलं, त्या वंशात ही एकटीच होती, आता बरेच तज्ज्ञ तिला बाउसेरोशिया ह्या दुसऱ्या वंशात धरतात. नाव काहीही असो, जंगली म्हणून ती फक्त आपल्या महाराष्ट्रात आहे. जुन्नरशिवाय पुरंदर, सज्जनगड अशा ठिकाणच्या नोंदी आहेत, पण सगळीकडे ठिपक्याठिपक्यांनी, खडकाच्या भेगेत जिथे मूठभर माती साचते तिथेच.

मी पहिल्यांदा बघितली ती कड्याच्या काठावर पोटावर आडवं पडून, पावसाळा सरत आला होता. जाड हिरवी पानं आणि त्यात अडीचेक सेंटीमीटरची गर्द लालसर चांदणी, पाच पाकळ्या, मध्ये पिवळे डाग, आणि कडेला बारीक लव जी वाऱ्याने सतत थरथरत होती. एक माशी येऊन बसली. ह्या कुळात, म्हणजे आपल्या रुईच्या कुळात, पराग सुटे नसतात, त्यांच्या पुड्या असतात आणि त्या माशीला चिकटून दुसऱ्या फुलापर्यंत जाव्या लागतात, मग कुठे शेंग धरते आणि रुईसारखं म्हातारीवालं बी उडतं. तेही नेमकं भेगेत पडलं तर रुजणार. म्हणून झाडं एकमेकांपासून लांब लांब राहिली की बी धरायचेच वांधे होतात, मला सगळ्यात जास्त काळजी ह्याचीच वाटते.

बाकी धोके तुम्हाला माहितीच असतील, डोंगराला लागणारे वणवे, जिथे शेळ्या पोचतात तिथे चराई, आणि उपटून नेणारी माणसं. निर्यातबंदी असलेल्या वनस्पतींच्या सरकारी यादीत हिचं नाव आहे, पण बॅगेत टाकून नेलेली फांदी त्याने कशी थांबणार? आमच्याच ग्रुपमधल्या एकाने एकदा फांदी तोडली होती, मी बघत राहिलो आणि काही बोललो नाही, ते अजून टोचतं.

लावायचीच असेल तर ज्याच्याकडे आधीपासून वाढवलेली आहे त्याच्याकडून तुकडा घ्या. कड्यावर दिसली तर लांबून झूम करून फोटो काढा, टाकताना लोकेशन बंद ठेवा, आणि शेजारी छोटी रोपं दिसतायत का तेवढं नक्की बघा, मोठ्या झाडापेक्षा मला ती दिसली की जास्त बरं वाटतं.