सार्कमध्ये भूतानचं मत किती मोलाचं?

प्रश्न: माझी मुलगी नववीत आहे. शाळेत मुलांची सार्क शिखर परिषद भरवणार आहेत आणि तिच्या वाट्याला भूतान आलाय. ‘एवढ्याशा देशाला कोण विचारतं’ म्हणून ती रुसून बसलीय. या परिषदेत मतदान कसं होतं? भारताचं मत जास्त धरतात का? आणि ही परिषद दरवर्षी होते असं पुस्तकात आहे, मग बातम्यांत कधी दिसत कशी नाही?
– एक आई, प्रतापनगर, नागपूर

उत्तर: ताई, लेकीला सांगा, तिच्या हाती हुकमाचं पान आलंय. सार्क म्हणजे दक्षिण आशियातल्या आठ देशांची संघटना, आणि तिथे मतदान होतच नाही. सार्कची सनद, म्हणजे तिची नियमावली, तिच्या दहाव्या कलमात दोनच गोष्टी आहेत: सगळ्या पातळ्यांवर निर्णय एकमताने होतील, आणि दोन देशांमधले वादाचे विषय चर्चेला येणार नाहीत. म्हणजे काश्मीर नाही, पाणीतंटे नाहीत. भूतान ‘नाही’ म्हणाला तर भारताची लोकसंख्या कितीही असो, ठराव तिथेच संपला. मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायची तेव्हा मुलं हमखास संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेतला व्हेटो, म्हणजे एकट्याने ठराव अडवायचा हक्क, इथे आणून बसवायची. तो तिथे पाच बड्यांकडे आहे. इथे तो सगळ्यांकडेच आहे, म्हणून त्याला वेगळं नावही नाही.

आता परिषद चालते कशी ते बघा. टीव्हीवर दिसतात ते दोन दिवस. खरी घासाघीस त्याच्या आधी होते. २०१४ च्या नोव्हेंबरात काठमांडूला अठरावी परिषद झाली, तिचंच उदाहरण घ्या. आधी अधिकाऱ्यांची प्रोग्रॅमिंग कमिटी बसली, मग परराष्ट्र सचिवांची स्थायी समिती, मग परराष्ट्र मंत्र्यांची मंत्रिपरिषद. जाहीरनाम्याचा मसुदा या तीन चाळण्यांतून खाली येतो, आणि नेते विमानातून उतरतात तेव्हा त्यातले मोजकेच शब्द अडलेले असतात. उद्घाटनाला मावळते अध्यक्ष, म्हणजे त्या वेळी मालदीवचे अब्दुल्ला यामीन, यांनी सूत्रं नेपाळचे पंतप्रधान सुशील कोईराला यांच्याकडे दिली. जो यजमान तोच पुढच्या परिषदेपर्यंत अध्यक्ष. मग एकेका नेत्याचं भाषण. ही भाषणं, स्पष्टच सांगते, फारशी ऐकण्यासारखी नसतात.

ऐकण्यासारखं असतं ते रिट्रीटमध्ये, आणि तिथे पत्रकारांना प्रवेश नसतो. दुसऱ्या दिवशी सगळे नेते गावाबाहेर एखाद्या निवांत जागी जातात, कागदांशिवाय बोलतात. काठमांडूच्या वेळी ती जागा धुलीखेल होती. त्या परिषदेत तीन करार व्हायचे होते: वाहनांची ये-जा, रेल्वे आणि वीज. आमची देशांतर्गत प्रक्रिया पुरी झालेली नाही, असं पाकिस्तानने सांगितलं आणि तिन्ही अडले. धुलीखेलहून परतल्यावर समारोपात विजेच्या करारावर तेवढ्या सह्या झाल्या. मोदी आणि नवाझ शरीफ यांच्या हस्तांदोलनाचे फोटोही त्याच समारोपातले. वाहनं आणि रेल्वे राहिलेच.

पुढची गोष्ट लेकीने वहीत उतरवून घ्यावी. वाहनांचा करार अडला म्हणून २०१५ च्या जूनमध्ये बांगलादेश, भूतान, भारत आणि नेपाळ या चौघांनी सार्कबाहेर तसाच करार केला, तोही थिंपूत, भूतानच्या राजधानीत. पण भूतानच्या संसदेच्या वरच्या सभागृहाने त्याला मान्यता नाकारली. बाहेरच्या गाड्यांची गर्दी आणि पर्यावरण ही त्यांची काळजी होती. शेवटी २०१७ मध्ये भूतानने बाकी तिघांना सांगितलं, तुम्ही व्हा पुढे. एवढासा देश, त्याने स्वतःच्या राजधानीत सही झालेला करार थांबवून धरला, आणि कोणी त्याच्यावर डोळे वटारले नाहीत.

तुमचा तिसरा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. सनदेत ‘वर्षातून एकदा किंवा अधिक वेळा’ असं आहे खरं. पण ८ डिसेंबर १९८५ ला ढाक्यात सार्क स्थापन झाली तेव्हापासून २०१४ पर्यंत परिषदा भरल्या अठरा. काठमांडूत तर नेत्यांनी स्वतःच ‘यापुढे दोन वर्षांनी’ असं ठरवून टाकलं, आणि त्यानंतर एकही नाही. पुढची २०१६ च्या नोव्हेंबरात इस्लामाबादला होती. सप्टेंबरात उरीला लष्करी तळावर हल्ला झाला आणि भारताने जायला नकार दिला. बांगलादेश, भूतान आणि अफगाणिस्तान यांनीही कळवलं, आम्ही येत नाही. परिषद बारगळली ती आजवर.

एकाने नाही म्हटलं तर बाकीचे बसू शकत नाहीत का? आपल्याच गावाचं बघा. १९५३ च्या नागपूर कराराने ठरलं की विधिमंडळाचं वर्षातून किमान एक अधिवेशन नागपुरात व्हावं. २०२० ला कोरोनामुळे आणि २०२१ ला मुख्यमंत्र्यांच्या प्रकृतीमुळे ते मुंबईतच उरकलं, अधिवेशनावरचे मोर्चे अडवतात त्या टेकडी रोडवर एक मोर्चा आला नाही, पण विधिमंडळ भरलं. एरवीही विरोधकांनी सभात्याग करून पायऱ्यांवर घोषणा दिल्या तरी आत कामकाज चालू असतं. सार्कमध्ये ही सोयच नाही. सगळे राष्ट्रप्रमुख किंवा सरकारप्रमुख आले तरच परिषद, असा पायंडा पडलाय. १९९१ मध्ये कोलंबोची परिषद चक्क भूतानपायी पुढे गेली! देशात अशांतता होती म्हणून राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक येऊ शकत नव्हते. सगळे नसतील तर मीही येणार नाही, अशी भूमिका नरसिंह रावांनी घेतली. यजमान श्रीलंका नाराज झाली, आणि शेवटी २१ डिसेंबरला एकाच दिवसात सगळं आटोपलं. माझ्या मते सार्कचं दुखणं एकमताच्या कलमात नाही, या पायंड्यात आहे. आग्नेय आशियाई देशांची संघटना आसियानही एकमतानेच चालते, पण २०२१ मध्ये म्यानमारच्या लष्करप्रमुखाला बोलावलं नाही, त्या देशाची जागा रिकामी राहिली, तरी परिषद झाली. दोन्ही अमेरिका खंडांतल्या देशांची जी संघटना आहे, तिच्या वार्षिक महासभेत तर सरळ मतदान होतं, प्रत्येक देशाला एक मत.

सार्क मेली मात्र नाही. काठमांडूचं सचिवालय चालू आहे, तीन-तीन वर्षांनी एकेका देशाचा महासचिव येतो. सार्क विकास निधीचं कार्यालय थिंपूतच आहे, हे लेकीला भाषणात वापरता येईल. २०१० ची परिषदही थिंपूत झाली होती, विषय हवामानबदल. भूतानकडून भाषण करायला याहून चांगला विषय शोधू नये.

आणि शाळेतल्या बाईंना एक आधीच विचारून ठेवा: अफगाणिस्तानच्या खुर्चीवर कोण बसणार? २००७ पासून तो देश आठवा सदस्य आहे. काबूलमध्ये तालिबान आल्यावर, २०२१ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कला परराष्ट्र मंत्र्यांची बैठक ठरली होती. या एकाच प्रश्नावर एकमत झालं नाही आणि ती रद्द झाली. बाईंनी ते मुलांवर सोडलं, तर लेकीला म्हणावं, तुझी मान हलल्याशिवाय कोणालाच त्या खुर्चीत बसवता येणार नाही.