जुनी मराठी कादंबरी ग्राफिक नॉव्हेलमध्ये आणायची तर परवानगी लागते का? सुरुवात कुठून करावी?

परवानगीचं आधी. लेखक जाऊन 60 वर्षं उलटली असतील तर कुणाला विचारायला नको. हरिभाऊ आपटे 1919 साली गेले, साने गुरुजी 1950 साली. दोघांचंही लेखन आता मोकळं आहे.

आता सुरुवातीचं. मी बेळगावकडच्या खानापूरचा, शाळेत चित्रकला शिकवायचो. हरिभाऊंच्या 'पण लक्षात कोण घेतो'मधला यमूच्या केशवपनाचा प्रसंग काढायला घेतला, तेव्हा आमचे दाजी रोज संध्याकाळी येऊन बसायचे. दाजी मराठीचे शिक्षक. मूळचा एक शब्द गाळायचा नाही, ही त्यांची अट. मी ऐकली. 14 पानं झाली, प्रत्येक चौकटीत निम्म्याहून जास्त मजकूर.

आत्तीला दाखवली. तिची शाळा कन्नड, तीही चौथीपर्यंत. देवनागरी ती अक्षर लावत वाचते. दोन पानं उलटली आणि वही मिटली. "चित्रं बरी हायत रे, खरं वाचूनच दमाय होतंय."

महिनाभर मी ब्रशला हात लावला नाही. मग एकच पान नव्यानं काढलं, शब्दाविना. वस्तरा, पाण्याची वाटी, पाटाशी पडलेले केस, यमूची वाकलेली मान. ते पान आत्तीनं कितीतरी वेळ मांडीवर धरून ठेवलं. तिच्या आजीचं आलवण, म्हणजे विधवेचं लाल लुगडं, सणावाराला आजी माजघराबाहेर यायची नाही, हे सगळं ती त्या दिवशी पहिल्यांदा बोलली. दाजी म्हणाले, "हे साहित्य नव्हे." मग आत्ती कशानं बोलली?

म्हणून सांगतो, जे चित्रात दिसतंय ते मजकुरातून काढा. ही कादंबरी यमू स्वतः सांगते, तेव्हा तिच्या मनातलं तेवढं ठेवा. अक्षरं आधी लिहा, संवादाचा फुगा मागाहून काढा, नाहीतर वेलांट्या आणि उकार रेघेला चिकटतात. आणि घरात मराठी बोलणारी, पण इंग्रजी किंवा कन्नड माध्यमात शिकणारी आपल्या बेळगावकडची पोरं डोळ्यांसमोर ठेवा. दाजींसारख्यांनी मूळ पुस्तक वाचलेलंच असतं.

एक राहिलं. ती 60 वर्षं लेखक गेल्याच्या पुढच्या जानेवारीपासून मोजतात, आणि अनुवाद वापरणार असाल तर अनुवादकाचा हक्क वेगळा. शिवाय ज्या पुस्तकाची सगळी गोडी बोलण्याच्या ढंगात आहे, त्याला माझा हा नियम लावू नका. तिथं दाजींचं ऐका.